दंतमुद्रेची अचूकता : मोजमापाच्या रीतीवर एक आक्षेप

अंकीय दंतमुद्रा पारंपरिक मुद्रेहून अचूक होय, हे विधान आज सरसकट केले जाते. अचूकतेचा अर्थ निश्चित केल्यावाचून मात्र ते तपासता येत नाही. आयएसओ ५७२५ या प्रमाणकाने सत्यमूल्याशी जवळीक आणि पुनःपुन्हा घेतलेल्या मापांतील परस्परमेळ, असे तिचे दोन घटक मानले आहेत. एका दाताच्या बाबतीत दोन्ही पद्धती तुल्यबळ ठरतात, याविषयी फारसा वाद नाही.

खरा प्रश्न संपूर्ण दंतकमानीचा आहे. तेथे स्कॅनर असंख्य लहान प्रतिमा एकमेकींना जोडीत जातो व जोडणीतील चूक पुढे साचत जाते. सिलिकोनचा ठसा एकसंध उतरतो. पुष्कळ प्रबंधांत ही चूक दिसतच नाही. कारण दोन पृष्ठे एकमेकांवर बसविताना योजलेली ‘सर्वोत्तम जुळणी’ची गणितरीती टोकाशी साचलेले अंतर सर्व कमानीवर वाटून टाकते, आणि सरासरीचा आकडा देखणा होतो. दोन टोकांच्या दाढांमधील अंतर थेट मोजावयास हवे. तसे करणारे थोडे. शिवाय बरीचशी मोजणी कोरड्या प्रतिकृतींवर झालेली असते. लाळ, रक्त आणि हलणारी जीभ तेथे कोठून असणार? ही सवलत सिलिकोनलाही मिळते, हे खरे. पण हिरडीखालील जी कड स्कॅनरच्या दृष्टीस पडत नाही, ती त्याला टिपताच येत नाही.