'हैदराबाद ब्लूज' आणि अंतराचा प्रश्न

विरहाचे काव्य आपल्याकडे विपुल आहे. विरहाचा विनोद मात्र विरळा. यक्षाने मेघाला दूत केले तेव्हापासून दूरदेशी गेलेला पुरुष आणि मागे राहिलेली स्त्री यांची कथा म्हटली की रसिक डोळे पुसण्याच्या तयारीनेच बसतो. गोमंतकातील मांडो तर प्रेम आणि ताटातूट यांवरच मुख्यत्वे पोसला. नागेश कुकुनूर यांचा १९९८ सालचा 'हैदराबाद ब्लूज' हा बोलपट याच द्रव्यातून हसू निर्माण करू पाहतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो आम्हांस पुन्हा पाहावासा वाटला, तो याच कारणाने.

कुकुनूर हे मूळचे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठात रसायन अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेस गेले आणि अटलांटा शहरी पर्यावरण-अभियंता म्हणून नोकरीत रमले. त्या नोकरीतून साठविलेल्या पैशांवर, सुमारे १७ लाख रुपयांत आणि १७ दिवसांच्या चित्रणात, त्यांनी हा चित्रपट उभा केला. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे, आणि नायकही तेच. ही काटकसर पडद्यावर लपत नाही. काही प्रसंगी नटवर्ग नुकतेच पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवीत आहे असे वाटते. तरीही आम्हांस हे उणेपण फारसे बोचले नाही. ओळखीच्या घरातील दिवाणखान्यात बसून गप्पा ऐकाव्यात तसा काहीसा आपलेपणा त्यातूनच आला आहे.

वरुण नायडू बारा वर्षे अमेरिकेत काढून सुटीवर घरी परततो. त्याच्या आईवडिलांना ही सुटी म्हणजे मुलाचे लग्न जमविण्याची पर्वणी वाटते. हे चित्र आपल्या वाचकांस नवे नाही. तीन आठवड्यांची रजा काढून आलेला मुलगा, पहिल्या आठवड्यात मुली पाहणे, दुसऱ्यात होकार आणि तिसऱ्यात मंगलाष्टके. मग वधू व्हिसाची वाट पाहत माहेरी, आणि वर समुद्रापार! आपल्यातील कितीतरी संसारांचा आरंभ अशा रजेच्या अर्जाने झालेला आहे. वरुणला ही सारी पद्धत रानटी वाटते, आणि नेमका तोच अश्विनी राव या डॉक्टर तरुणीच्या प्रेमात पडतो. तिच्याशी त्याला 'फिरायचे' आहे, ओळख वाढवायची आहे. आणि ओळख वाढविणे म्हणजे काय, याविषयीच दोघांचे एकमत नाही. येथे विनोद जन्मतो. अटलांटा आणि हैदराबाद यांतील हजारो मैल विमान एका दिवसात तोडते; परंतु एका शब्दाच्या दोन अर्थांतील अंतर तोडायला विमान नाही, हे दिग्दर्शकाने अचूक हेरले आहे.

संवाद मुख्यतः इंग्रजी. मध्येच तेलुगू, मध्येच हिंदी. ही सरमिसळ कृत्रिम नव्हे, हे ज्याने हैदराबाद पाहिले आहे तो मान्य करील. या शहराच्या दख्खनी बोलीत 'नक्को' आहे, शब्दाला चिकटणारा ठासून सांगणारा 'च' आहे. हे दोन्ही आपल्या मराठीचेच. मराठवाड्यातील माणसाला तर हे शहर एके काळी राजधानीचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि सुलतान बाजारातल्या मराठी घरांपासून परभणी-नांदेडचे आप्त, जागचे न हलता, परप्रांती ठरले. अंतर नेहमी चालण्यानेच पडते असे नाही, हे या घरांना चित्रपटाने शिकविण्याची आवश्यकता नव्हती. म्हणूनच, आपल्याच गावात उपरा झालेला वरुण त्यांना चटकन ओळखीचा वाटावा.

आता आमची तक्रार. वरुणची अस्वस्थता आपणांस आतून दिसते. अश्विनीची मात्र बाहेरूनच. राजश्री नायर यांनी ती संयमाने उभी केली आहे; परंतु लेखकाने तिला उत्तरे दिली, प्रश्न दिले नाहीत. ती सुशिक्षित आहे, आपल्या शहरात तिचा व्यवसाय आहे, तिचे रुग्ण आहेत. मग हे अंतर कोणी ओलांडावयाचे? तिने हे सारे सोडून विमानात बसावयाचे, की त्याने बारा वर्षांची घडी मोडून परत यावयाचे? प्रेम जमते की नाही, यापेक्षा हा प्रश्न आम्हांस अधिक गंभीर वाटतो, आणि चित्रपट त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पुन्हा थट्टेकडे वळतो. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये लंडन आणि पंजाब यांतील सारा पेच शेवटी पित्याने मुलीचा हात सोडताच सुटला. कुकुनूर तेवढ्या सोप्या तोडग्याला भुलत नाहीत, हे त्यांचे श्रेय. मराठीत २०१० साली सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने काही तासांच्या अंतराची गोड भांडाभांड रंगविली. ती आम्हांसही आवडली. पण तेथे कोणाला काही सोडावे लागेल अशी धास्ती वाटत नाही. येथे ती वाटते, आणि म्हणूनच अश्विनीचे मन दिग्दर्शकाने अधिक उघडावयास हवे होते.

पुढे २००४ साली 'हैदराबाद ब्लूज २' आला. त्यात वरुण आणि अश्विनी हैदराबादेतच संसार करीत आहेत. भूमिका आता ज्योती डोग्रा यांच्याकडे आली आहे. म्हणजे अंतर त्याने ओलांडले! मात्र ते कसे, कोणत्या रात्री, कशाच्या मोबदल्यात, हे आपणांस दोन्ही चित्रपटांत नीट दिसत नाही. निर्णय दोन पटांच्या मधल्या सहा वर्षांत कोठेतरी होऊन जातो. विशेष गमतीची गोष्ट अशी, की परतलेला वरुण आता कॉल सेंटर चालवितो. ज्या देशाचा त्याने निरोप घेतला त्याच्याच घड्याळावर त्याचा चरितार्थ अवलंबून आहे. दुसरा चित्रपट पहिल्याइतका ताजा नाही. परंतु पतीपत्नी एकाच छताखाली आहेत, तिला मूल हवे आहे, त्याला नको आहे, आणि दोघांमध्ये पुन्हा तेच जुने मैल पसरलेले आहेत, ही कल्पना आम्हांस पहिल्या चित्रपटातील साऱ्या विनोदाहून अधिक धीट वाटली. बेगमपेठच्या जुन्या विमानतळावरून २००८ नंतर प्रवासी विमाने सुटत नाहीत, ती शमशाबादहून सुटतात. परदेशस्थ मुलाचा चेहरा आता रोज रात्री दूरध्वनीच्या काचेवर दिसतो. तिसरा भाग कोणी काढलाच, तर त्याने अश्विनीपासून आरंभ करावा.