रेषाकृतीचा पुरावा कितपत ग्राह्य?
मुळांवर गाठी आणणारे सारे सूत्रकृमी 'हेटेरोडेरा मारिओनी' या एकाच नावाखाली घालण्याचा प्रघात चिटवुड यांच्या १९४९ च्या निबंधाने मोडला. 'मेलॉइडोगायनी' प्रजातीतील जाती वेगळ्या करताना त्यांनी मादीच्या योनिमुख व गुदद्वार यांभोवतीच्या त्वचेवरील रेषाकृतीस प्राधान्य दिले. 'जावानिका'त स्पष्ट पार्श्वरेषा, 'हाप्ला'त शेपटाच्या टोकाशी सूक्ष्म ठिपके, 'इनकॉग्निटा'त उंच पृष्ठकमान. ठळक नमुन्यात ही लक्षणे चटकन पटतात. परंतु एकाच मुळावरील माद्यांतही कमानीची उंची कमीअधिक असते. छापील चित्र पाहणाऱ्यास हे भान राहत नाही. (चित्रासाठी निवडलेली मादी बहुधा सर्वांत नेटकी असते!) १९८३ मध्ये चीनमधील नमुन्यांवरून वर्णिलेली 'एंटरोलोबी' जाती या आकृतीवरून 'इनकॉग्निटा' समजली जाण्याचा संभव मोठा, आणि टोमॅटोचे जे प्रतिकारक वाण 'इनकॉग्निटा'स सामान्यतः दाद देत नाहीत, त्यांवर ती सुखाने वाढते. म्हणजे चुकीच्या नावामागोमाग चुकीचे वाण शेतात जाते. म्हणून केवळ उंच कमानीवर विसंबून केलेले निदान ग्राह्य धरता येत नाही. नराचे शीर्ष, दुसऱ्या अवस्थेतील पिल्लाचे शेपूट आणि मादीतील एस्टरेज विकराचे पट्टे पाहिल्यावाचून नमुन्यावर जातीचे नाव लिहू नये.