लॉगमध्ये न आलेला मुलगा

'बियॉन्ड युटोपिया' सुरू होते तेव्हाच पडद्यावर एक सूचना येते: या फिल्ममध्ये कुठलाही प्रसंग नव्याने उभा करून दाखवलेला नाही. जे दिसतं ते दिग्दर्शिका मॅडलिन गॅविनच्या टीमने, पळून येणाऱ्यांनी किंवा त्यांना मदत करणाऱ्या छुप्या साखळीतल्या माणसांनी शूट केलेलं आहे. पहिल्यांदा हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्यांदा पाहताना मी या सूचनेपाशीच अडखळलो.

२०२३ साली सनडान्सला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळालेल्या या डॉक्युमेंटरीत दोन घरांची गोष्ट आहे. रो कुटुंब उत्तर कोरियातून नदी ओलांडून चीनमध्ये येतं, तिथून व्हिएतनाम, लाओस आणि मग थायलंड. आई, बाबा, दोन लहान मुली आणि म्हातारी आजी. दुसरीकडे सोयॉन ली. ती आधीच दक्षिण कोरियात पोचली आहे, मुलगा मागे राहिलाय. दोघांचीही आशा एकाच माणसावर, दक्षिण कोरियातले पास्टर किम सुंग-उन.

रात्रीच्या जंगलातला तो प्रवास बघताना माझा घसा कोरडा पडला होता. पण लक्षात राहिली ती आजी. इतकं सगळं सोसून बाहेर पडल्यावरही ती किम जाँग उनबद्दल आदराने बोलते. तिथे फिल्म सगळ्यात खरी वाटते. कारण बाकी वेळ उत्तर कोरियातली माणसं आपल्याला दोनच प्रकारात भेटतात: मार खाणारी, नाहीतर परेडमध्ये एका तालात चालणारी. आजी या दोन्हींत बसत नाही. तिच्यासारखी अजून चार माणसं हवी होती.

मी बॅकएंडवर काम करतो. काहीतरी बिघडलं की आधी सर्व्हरचे लॉग उघडायचे, ही सवय. नवीन असताना एकदा मी सगळं ठीक आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं, कारण लॉगमध्ये एकही एरर नव्हती. ज्यांची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, ते युजर लॉगमध्ये दिसणार कसे?

'जे शूट झालं तेवढंच दाखवू' हा नियम प्रामाणिक आहे. पण त्याने पडद्यावर कोण येणार हेही ठरतं: ज्याच्याजवळ कॅमेरा पोचला तो. आजवर दक्षिण कोरियात पोचलेले उत्तर कोरियन साधारण ३४ हजार. त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका आहेत. अनेकींना वाटेत चीनमध्ये लग्नासाठी विकलं गेलं. काही जणी तिथेच राहिल्या, मुलंबाळं झाली, आणि आता त्यांचं घर दोन सीमांमध्ये तुटलंय. फिल्ममध्ये हा विषय येतो आणि निघून जातो. तीन पिढ्यांचं अख्खं कुटुंब एकत्र सुटणं किती दुर्मीळ, हेही त्या सुरुवातीच्या सूचनेत दोन ओळींत सांगता आलं असतं. ते नसल्यामुळे अपवादच नेहमीचा वाटायला लागतो.

मग प्रसंग उभे करायला हवे होते का? नाही. नटाला घेऊन सोयॉनच्या मुलाची अटक दाखवली असती तर मी फिल्म तिथेच बंद केली असती. आणि गॅविनने सोयॉनला काढून टाकलं नाही, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. फक्त रो कुटुंबावर थरारक, सुखान्त फिल्म सहज झाली असती.

मुलगा चीनमध्ये पकडला जातो, परत पाठवला जातो. त्याचं पुढे काय होतं हे आईला कळतं ते दलालांच्या फोनवरून, तुकड्यातुकड्यांत. पलीकडचा माणूस बोलत असतो, आणि आपल्यासमोर असतो फक्त आईचा चेहरा. अशा एका फोनच्या वेळी मी मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला, मागून मुलाचा आवाज येतो का बघायला. दलालाचाच आवाज मोठा झाला.