दऱ्या आणि दर्या : कंपायलरची मान्यता आणि चाचणी-साधनांचे मौन

१

संगणकासाठी घडविलेल्या कृत्रिम भाषांना ‘भाषा’ म्हणावे किंवा नाही, हा वाद बाजूस ठेवला, तरी त्यांतून मराठी शब्द लिहिले जाऊ लागल्यावर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आज यांपैकी बऱ्याच भाषा प्रोग्राममधील नावे देवनागरीत लिहू देतात. त्यावरून मराठीची सोय झाली, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. कंपायलरने एखादा विस्तार मान्य केला एवढ्याने तो भाषेत रुजत नाही. प्रोग्रामची चाचणी घेणारी साधने त्याला ओळखतात की नाही, यावर त्याचे खरे स्थान ठरते, असे आमचे म्हणणे आहे.

‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. सी या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९० साली प्रसिद्ध झाले. परंतु प्रत्येक कंपायलरने त्यात स्वतःची भर घातली. जीसीसी हा कंपायलर सी भाषेत एका फलनाच्या पोटात दुसरे फलन लिहू देतो. क्लँग देत नाही. काही विस्तार पुढे प्रमाणात दाखलही होतात. प्रमाण भाषा आणि बोली यांच्या संबंधासारखाच हा संबंध आहे. अडचण उद्भवते ती चाचणी-साधनांमुळे. ती बहुधा कंपायलरच्या डोळ्यांनी न वाचता स्वतःच्या निराळ्या वाचकाकरवी प्रोग्राम वाचतात. पायसीपार्सर या वाचकाला जीसीसीचे विस्तार समजत नाहीत. म्हणून ते आधी मजकुरातून पुसून टाकण्याची वहिवाट आहे. मग तपासला जातो तो मजकूर एक, आणि चालतो तो दुसरा.

२

मराठीच्या दृष्टीने देवनागरी नावे हाच एक विस्तार होय. पायथन या भाषेने तो २००८ साली आपल्या तिसऱ्या आवृत्तीत स्वीकारला. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात देवनागरी वर्णांना नावांत स्थान मिळाले; तथापि ते वर्ण जसेच्या तसे लिहिण्याची सोय जीसीसीने २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीत केली.

राजूरच्या परिसरातील स्थलनामे आणि बोलीतील शब्द यांची नोंद करणारा एक प्रोग्राम कल्पनेने समोर ठेवू. सांदण दरीसारख्या स्थळांच्या गटाला ‘दऱ्या’ हे नाव देणे येथे अगदी स्वाभाविक आहे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्या शब्दात ‘द’वर आघात येऊन ते अक्षर जड होते, दुसऱ्यात येत नाही, आणि हा भेद लिपी रेफ व आडवा र या दोन आकारांनी दाखविते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हीही अशीच जोडी. म्हणजे आडवा र हा अर्थभेद करणारा आहे. तो शोभेचा नव्हे.

युनिकोडमध्ये हा आकार दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार ०९३१ क्रमांकाच्या ऱ या वर्णाला हलन्त जोडण्याचा. दुसरा, युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला, तो म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु पायथन पहिले रूप नाव म्हणून स्वीकारतो व दुसरे नाकारतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते, पण त्यांना दोन भिन्न नावे समजते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका रीतीने आणि चाचणी लिहिणाऱ्याने दुसऱ्या रीतीने ‘दऱ्या’ लिहिले, तर दोघांची गाठ पडणार नाही, आणि कारण डोळ्यांना कधीच दिसणार नाही. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणाने अदृश्य जोडचिन्हाला नावात मुभा दिली होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणाने ती काढून घेतली. कालचे शुद्ध ते आज अशुद्ध ठरले.

‘ॲ’ या वर्णाची कथा याहून बोधप्रद आहे. युनिकोडने त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली दिला. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमालेत त्याला जागा मिळाली. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणातील वर्णांची यादी अर्थातच त्याआधीची, आणि बंद. जिवंत लिपीचे बंद याद्यांशी जमत नाही, हे यावरून दिसून येते.

३

येथपर्यंतचे दोष निदान उघड आहेत: कंपायलर नाकारतो, आणि लिहिणाऱ्याला ते कळते. खरी चिंता पुढील दोषांची आहे.

मजकुरातील नमुने शोधण्यासाठी पायथनमध्ये जे अंगभूत साधन आहे, त्यात ‘शब्दातील वर्ण’ दर्शविणारे एक लघुचिन्ह आहे. त्याची व्याख्या अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्यापुरतीच आहे. मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना युनिकोड ‘अक्षर’ या वर्गात न घालता ‘जोडचिन्ह’ या निराळ्या वर्गात घालतो. म्हणून ते सर्व शब्दाबाहेर पडतात. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. ‘काळा’, ‘काळी’ आणि ‘काळे’ यांतून सारखेच ‘क’ आणि ‘ळ’ उरतात. विशेषणाचे लिंग ज्या स्वरात आहे, तोच स्वर गळून पडतो. फ्रेंच भाषेचे स्वरचिन्हांकित वर्ण बहुधा एकसंध लिहिले जातात, त्यामुळे तिला ही झळ लागत नाही. मराठी, बंगाली, तमिळ यांना लागते.

हा दोष एका साधनापुरता राहिला असता तर फारसे बिघडले नसते. परंतु पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातील, प्रोग्रामचे पदच्छेद करणारे उपकरण नाव ओळखण्यासाठी याच लघुचिन्हावर विसंबून होते. पायकोडस्टाइलसारखी तपासणी-साधने त्या उपकरणावर उभी आहेत. म्हणजे एकाच भाषेचा कंपायलर ‘दऱ्या’ला एक नाव मानीत होता, आणि तिच्याच घरातील पदच्छेदक त्याचे तुकडे करीत होता. ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीत पदच्छेदासाठी कंपायलरचाच वाचक वापरण्यात आला, तेव्हा ही विसंगती मिटली. २००८ पासून मोजल्यास जवळजवळ पंधरा वर्षे ती नांदत होती. नमुने शोधण्याच्या साधनातील मूळ व्याख्या मात्र तशीच राहिली.

याचा धोका बोलीच्या अभ्यासकाने नीट ओळखला पाहिजे. शब्दांची मोजणी करणारा प्रोग्राम आणि त्याची चाचणी, दोन्ही त्याच लघुचिन्हाने लिहिलेली असली, तर चाचणी प्रोग्रामच्या चुकीशी तंतोतंत जुळेल आणि यशस्वी ठरेल. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच अशुद्ध पोथीवरून पाठ करून आलेले असावेत, तसा हा प्रकार आहे.

४

आता चाचणी-साधनांकडे वळू. पायथनच्या युनिटटेस्ट या साधनात विशिष्ट रोमन उपपदाने आरंभ होणारी कृतीच चाचणी म्हणून उचलली जाते. ‘चाचणी_दऱ्या’ हे नाव कंपायलरला मान्य असूनही साधन तिला वगळते. इतर चाचण्या उत्तीर्ण असल्या तर अखेरीस सर्व ठीक असल्याचाच निर्वाळा मिळतो. हा नियम पुस्तिकेत नमूद आहे व तो बदलताही येतो. म्हणून याला अन्याय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीपण वगळल्याची सूचना न देणे हे परीक्षकाला शोभणारे नाही.

पायटेस्ट या लोकप्रिय साधनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. चाचणीला पुरविलेला नमुना-शब्द देवनागरीत असेल, तर अहवालात तो शब्द न दिसता त्याच्या वर्णांच्या क्रमांकांची माळ दिसते. ती बंद करण्याचा पर्याय आहे. पण त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचा मराठी अर्थ असा होतो: ‘चाचणीच्या नावाचे रूपांतर बंद करा आणि समुदायाच्या साहाय्यावरील सर्व हक्क सोडून द्या.’ यात विनोद आहे, आणि कर्त्यांची प्रामाणिक सावधगिरीही आहे. निरनिराळ्या यंत्रणांवर अडचणी येऊ शकतात, हे ते स्पष्ट सांगतात. तथापि आपल्या लिपीतील शब्द आपल्या लिपीत पाहण्यासाठी साहाय्याचा हक्क सोडावा लागणे, याहून ‘असमर्थित विस्तार’ या संज्ञेचे नेमके उदाहरण आम्हांस माहीत नाही.

५

वरील विवेचनावरून साधनांच्या वर्तनाचे तीन प्रकार दिसतात: नाकारणे, गाळणे आणि चुकीचे वाचणे. पायथनने अदृश्य जोडचिन्ह नाकारले, यात कठोरपणा असला तरी फसवणूक नाही. गाळणे आणि चुकीचे वाचणे हे अधिक घातक, कारण त्यांतून खोटी निश्चिंती उत्पन्न होते. मराठी प्रोग्राम चालतो, तपासणी पार पडते, आणि काहीही तपासले गेलेले नसते.

उपायांची दिशा यातच आहे. चाचणी-साधनाने ‘नाव’ कशाला म्हणावे हे स्वतः न ठरविता कंपायलरलाच विचारावे, ३.१२ या आवृत्तीने तोच मार्ग धरला. ‘शब्दा’ची व्याख्या युनिकोडच्या शिफारशीप्रमाणे जोडचिन्हांसह करावी, पायथनसाठी रेजेक्स हे स्वतंत्र साधन तसे करते. आडवा र लिहिताना ०९३१ या क्रमांकाचेच रूप वापरण्याचा संकेत मराठी लेखकांनी पाळावा. आणि कोणत्याही साधनाच्या नमुना-संग्रहात दऱ्या, दर्या, ॲ, काळा व काळी हे शब्द असावेत.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास अनुमती दिली आहे. मराठीतून शिकणारा विद्यार्थी मराठी नावे लिहू लागेल, तेव्हा त्याचा प्रोग्राम चालेलच. त्याची परीक्षा मात्र खरी व्हावयास हवी. हे नमुने निवडून देण्याचे काम यंत्रज्ञाने एकट्याने करण्यासारखे नाही. कोणता भेद अर्थाचा आणि कोणता केवळ आकाराचा, हे सांगणे भाषाशास्त्राचे काम आहे, आणि ते आपल्या विभागांनी अंगावर घेतले पाहिजे.