‘समाधान’ या शब्दाचे मोजमाप

शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषधवाटपाची पाहणी करताना रुग्णांच्या समाधानाची टक्केवारी काढण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. अशा पाहण्यांचा हेतू स्तुत्य आहे. तथापि ज्या मराठी प्रश्नावलींवर त्यांचे निष्कर्ष उभे असतात, त्यांच्या भाषेचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

या प्रश्नावलींचा साचा सामान्यतः लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या श्रेणीपद्धतीचा असतो. ‘पूर्ण समाधानी’पासून ‘पूर्ण असमाधानी’पर्यंत पाच पायऱ्या मांडावयाच्या व उत्तर देणाऱ्याने त्यांतील एक निवडावयाची. इंग्रजी ‘सॅटिस्फॅक्शन’ला ‘समाधान’ हा प्रतिशब्द योजला, की अनुवाद पुरा झाला असे गृहीत धरले जाते. परंतु मराठीत समाधान ‘होते’, ‘वाटते’, तसेच ते ‘मानले’ही जाते. पहिल्या दोन प्रयोगांत समाधानाचे कारण बहुधा मिळालेल्या वस्तूत असते. तिसऱ्यात ते माणसाच्या वृत्तीत असते. लिहून दिलेल्या चार औषधांपैकी दोनच मिळाली व उरलेली बाहेरून विकत घ्यावी लागली, तरी ‘मिळाले त्यात समाधान मानले’ असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नाही. तक्त्यात मात्र त्याची गणना ‘समाधानी’ या रकान्यात होते.

दुसऱ्या टोकाची अडचण याहून मोठी आहे. ‘असमाधानी’ हे विशेषण मराठीत बहुधा स्वभावाचे वर्णन करते. असमाधानी माणूस म्हणजे कितीही मिळाले तरी कुरकुर करणारा. सेवेतील उणीव दाखविण्यासाठी रुग्णाने प्रथम स्वतःलाच दूषण लावून घ्यावे, अशी ही मांडणी झाली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. विनामूल्य मिळालेल्या औषधाविषयी हा शब्द उच्चारताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. आणि प्रश्न विचारणारा त्याच केंद्राचा कर्मचारी असेल, तर तो संकोच अधिकच वाढावयाचा.

यावर कोणी म्हणेल, की दुसरा शब्द योजावा. पण तेवढ्याने भागणार नाही. समाधान हे अपेक्षेच्या प्रमाणात असते. गोळी केव्हा व किती दिवस घ्यावयाची हे समजावून सांगणे औषधनिर्माण अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, याची ज्याला कल्पनाच नाही, तो ते न सांगितल्याबद्दल तक्रार कशी करणार?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली औषधवापराच्या पाहणीसाठी जे निर्देशक सुचविले, त्यांत या अडचणीतून सुटण्याची वाट आहे. लिहून दिलेल्या औषधांपैकी प्रत्यक्ष किती मिळाली, त्यांवर योग्य सूचना लिहिल्या होत्या काय, आणि मात्रा रुग्णास बरोबर ठाऊक आहे काय, असे हे प्रश्न आहेत. ते मराठीत सरळ विचारता येतात: ‘ही गोळी तुम्ही केव्हा घेणार? किती दिवस? कोणते औषध मिळाले नाही?’ यांची उत्तरे देताना रुग्णास कोणाची भीड बाळगावी लागत नाही, आणि स्वतःच्या स्वभावाचा निवाडाही करावा लागत नाही.

समाधान विचारूच नये, असे येथे सुचवावयाचे नाही. पण ते या प्रश्नांच्या नंतर विचारावे व त्यांच्या उत्तरांशी ताडून पाहावे. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्यांऐवजी दहाच दिवसांच्या घेऊन जाणारा रुग्ण उरलेले वीस दिवस औषधावाचून काढतो. समाधानाच्या टक्केवारीत त्या वीस दिवसांची नोंद कोठेच होत नाही.