ताव्हेर्नियेचे कोल्लूर

गोवळकोंड्याचे हिरे गोवळकोंड्यास निघत नसत. तेथे होती ती पेठ. हिरे निघत ते कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या ठिकाणी. या खाणींचे तपशीलवार वर्णन ज्याने मागे ठेवले, तो झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोव्यासही येऊन गेला होता. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली प्रसिद्ध झाला. भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर सटीप सिद्ध केले.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे व्यापाऱ्याची काटेकोर नजर. धान्य पेरण्यासाठी जमीन खणणाऱ्या एका गरिबास सुमारे २५ कॅरटांचा खडा सापडला, आणि शंभरेक वर्षांत तेथे ६०,००० माणसे राबू लागली, असे तो सांगतो. पुरुष खणतात, बायका-मुले माती वाहतात. ती धुऊन, वाळवून धान्यासारखी पाखडतात. कामापूर्वी देवाची पूजा होते व मजुरांस जेवण मिळते. हे सारे वाचताना खाण डोळ्यांपुढे उभी राहते.

मात्र गाव उभे राहत नाही, ही आमची तक्रार आहे. एवढ्या वस्तीची घरे कशी होती, चुली कशा पेटत, याविषयी तो फारसे बोलत नाही. पहिला खडा शोधणाऱ्याचे नावही आपणांस कळत नाही. रामळकोट्याच्या खाणीत मजुरास वर्षाला अवघे तीन पॅगोडा मिळतात, म्हणूनच तो संधी साधून खडा लपवितो, हे त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. पण तेथून त्याची नजर मजुराच्या घराकडे न वळता पहारेकऱ्यांकडे वळते. माणूस त्याला दिसतो तो हिऱ्याच्या वाटेवर असेल तेवढाच.

हा दोष आज अधिक जाणवतो, कारण कोल्लूरची जागा पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली गेली आहे. ग्रंथात जे आले नाही, ते आता कोणास जाऊन विचारावे?

बॉल यांचे भाषांतर निघाले त्याच १८८९ साली सिंगरेणीचा कोळसा व्यापारी प्रमाणावर काढण्यास प्रारंभ झाला. येल्लंदू, कोत्तागुडेम ही गावे त्या कोळशावर वाढली. आपल्या डिचोली-कुडचड्यासही खनिजाने असेच वळण दिले. तेथील माणसे अजून आपल्या तोंडाने सांगू शकतात. त्यांच्यावर लिहू इच्छिणाऱ्याने ताव्हेर्नियेकडून मोजमाप अवश्य शिकावे. मात्र खाणीच्या तोंडाशी न थांबता मजुराच्या उंबरठ्यापर्यंत जावे, एवढेच आमचे सांगणे आहे.