सावतोबांच्या मळ्यात फुलं का नाहीत?

बागकामाने मन कसं बरं होतं, यावर मराठीत सध्या पुष्कळ लिहिलं जातंय. रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, स्वतःला सावरण्याविषयीच्या पुस्तकांत एक मजकूर पुन्हापुन्हा भेटतो. शहरातली नोकरी, न येणारी झोप, एके दिवशी आणलेली कुंडी, तिच्यात फुटलेलं पहिलं पान आणि मग शांतता. सोयीसाठी मी या लेखनाला कुंडीसाहित्य म्हणतो. त्यातलं बरंचसं मी वाचलंय, तेही गरजेपोटी. त्यामुळे टिंगल करायचा हेतू नाही. मला पडलेला प्रश्न साधा आहे. इतकी पानं वाचूनही यातली एकही बाग डोळ्यांपुढे का उभी राहत नाही?

उत्तर शोधायला मी आपल्याकडच्या सगळ्यात प्रसिद्ध मळ्यात गेलो. सावता माळ्यांच्या.

सावतोबा अरणचे. माढा तालुक्यात मोडनिंबजवळ हे गाव आहे. आमच्या खर्ड्याहून बार्शी, कुर्डुवाडी ओलांडली की येतं. ते ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. परंपरेने त्यांच्या समाधीचं साल शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ दिलं जातं. त्यांच्या नावावर आज चाळिसाच्या आतच अभंग आहेत, आणि ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असं सांगतात. त्यातला भाजीपाल्याचा अभंग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. कुंडीसाहित्यातही तो हमखास येतो, चौकटीत, शेजारी हिरव्या पानांचं चित्र. त्याचा अर्थ असा लावतात, की देव बाहेर शोधू नका, घरच्या बागेत रमा, मन शांत होईल.

अभंग पाठ असला की तो वाचायचा राहून जातो. मी तो एकदा यादी म्हणून वाचला. आमच्या धंद्यात माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या यादीत काय आहे आणि काय सुटलंय हे आधी बघायची सवय लागते. या यादीत कांदा आहे, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर, ऊस, गाजर, रताळू आहे. मग मोट, नाडा, विहीर, दोरी. फूल एकही नाही. माळी जातीच्या, मळ्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या देवाच्या यादीत मोगरा नाही, शेवंती नाही, विठ्ठलाची म्हणून जिला ओळखतात ती तुळससुद्धा नाही. देवाला वाहायच्या वस्तूच या यादीतून वगळल्या आहेत. जे आहे ते ताटात जाणारं, नाहीतर बाजारात.

दुसरी गोष्ट अशी, की पिकांतली निम्म्याहून अधिक जमिनीखाली वाढणारी आहेत. कांदा, मुळा, लसूण, गाजर, रताळू. त्यांचं खरं रूप बघत बसता येत नाही, ते उकरावं लागतं. कुंडीसाहित्याचं मुख्य क्रियापद ‘बघणं’ आहे. पान बघणं, कळी बघणं, दवाचा थेंब बघणं. सावतोबांच्या पिकांकडे बघत बसलं तर वर फक्त पात दिसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धीट वाटते. पिकं संपतात आणि अवजारं येतात. मोट कातड्याची असे. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणारे आणि ते शिवणारे हात गावाने वेशीबाहेर ठेवलेले होते. ती मोट विहिरीत उतरते, बैल धावेवर चालतात, पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटाने वाफ्यात जातं. या सगळ्या खटाटोपातच पंढरी भरून राहिली आहे, असं हा अभंग म्हणतो. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या काळात कातड्याच्या मोटेला तीर्थक्षेत्र म्हणणं ही गोड कल्पना नव्हे. शिवाय त्यामुळे मळ्यात बाकीची माणसं येतात. मोट शिवणारा, दोर वळणारा, बैलांमागचा. कुंडीसाहित्यातला माणूस मात्र बागेत नेहमी एकटाच असतो. त्याची माती पोत्यातून येते आणि पाणी नळातून. त्यांच्यामागे कोण आहे, हे पान संपलं तरी कळत नाही.

आणि पंढरपूरला न जाण्याचं काय? सावतोबा वारीला गेले नाहीत, पंढरीच त्यांच्याकडे आली, ही गोष्ट वारकरी परंपरेने फार प्रेमाने जपली आहे. आजही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. कुंडीसाहित्य याचा अर्थ ‘घरीच राहा’ असा घेतं. मला यात शेतीचं एक साधं वास्तव दिसतं. आषाढी वारीचं वेळापत्रक जिरायत शेतीशी जुळणारं आहे. पेरणी उरकली की कोरडवाहू शेतकऱ्याला महिनाभर निघता येतं. विहिरीवर भाजीपाला करणाऱ्याला नाही. पाऊस ओढ देईल त्या आठवड्यात वाफ्याला पाणी द्यावंच लागतं. चार दिवस पाठ फिरवली की कोथिंबीर बसते. माझ्या वाचनात सावतोबांचं न जाणं ही विरक्ती नाही आणि घरातला निवांतपणाही नाही. तो बांधलेला माणूस आहे. ते बांधलेपण त्याने तक्रार न करता, थोडं ऐटीतच, देवापुढे मांडलं. अभंगाच्या शेवटी तो आपण मळा केल्याचं सांगतो. मळ्याने आपल्याला काय दिलं याचा हिशेब तिथे नाही.

हे मला नुसत्या वाचनातून सुचलेलं नाही. खर्डा इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ११ मार्च १७९५च्या लढाईसाठी, मळ्यांसाठी नव्हे. जामखेड तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. फेब्रुवारीनंतर विहिरीत डोकावून बघायचं, आणि मग कांद्याचे किती वाफे जगवायचे ते ठरवायचं. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी चालू ठेवून मी घरून काम करायला गावी आलो तेव्हा मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. श्वासावर लक्ष ठेवायला सांगणारं ॲप फोनमध्ये होतं. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. अण्णा म्हणाले, “जागाच हायेस ना? मग चल दारं धरायला.”

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणं. वाफा भरत आला की फावड्याने पुढचं तोंड फोडायचं, मागचं बुजवायचं. उशीर झाला की बांध फुटतो, घाई केली की टोकाचा कांदा कोरडा राहतो. एका हातात बॅटरी, कारण पाण्यामुळे बिळातली जनावरं बाहेर पडतात. अंधारात पाण्याच्या आवाजावरून वाफा किती भरला ते अण्णांना कळतं. मला ते शिकायला बरेच दिवस लागले. सजगता हा शब्द मी पुस्तकांतून शिकलो होतो; तिला आमच्या रानात आधीपासून नाव होतं. फरक एवढाच, की दारं धरणारा सजगतेसाठी दारं धरत नाही. कांदा जगावा म्हणून धरतो. लक्ष आपोआप लागतं, कारण ते न लागण्याची किंमत समोर दिसत असते. मला झोप लागू लागली, पण ती या गोष्टीतली दुय्यम बाब आहे. अण्णांच्या लेखी तर ती बाबच नव्हती. वाफे भिजले का, एवढंच ते विचारत.

इथे कोणी म्हणेल, की निसर्गाने माणूस बरा होतो हे शास्त्राने सिद्ध केलंय. कुंडीसाहित्य त्यासाठी रॉजर उलरिक यांच्या १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधाचा आधार घेतं. तो निबंध खरोखर चांगला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. पण फरक दिवसापेक्षा कमी आहे, आणि मुख्य म्हणजे त्या रुग्णांनी बाग केली नव्हती. ते पडून होते. झाडं दुसऱ्या कोणीतरी लावली, दुसऱ्या कोणीतरी राखली. झाड दिसण्याने बरं वाटतं याचा तो पुरावा आहे. बाग करण्याविषयी तो काही सांगत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करूनच कुंडीसाहित्य उभं राहतं. बाग करण्याचं श्रेय घ्यायचं आणि वर्णन करायचं ते बाग दिसण्याचं.

परदेशी पुस्तकांत मासानोबू फुकुओका यांचं ‘एका काडातून क्रांती’ मराठीत सर्वाधिक प्रेमाने वाचलं गेलं असावं. मूळ जपानी पुस्तक १९७५चं. फुकुओका वनस्पतिरोगतज्ज्ञ, योकोहामाच्या कस्टम्समध्ये नोकरीला. पंचविशीत न्यूमोनियाने आजारी पडले, मरणाच्या भीतीतून जाऊन आले, नोकरी सोडली आणि वडिलांच्या संत्र्याच्या बागेत परतले. पंचविशी, आजारपण, राजीनामा, गाव. माझ्या पिढीला ही गोष्ट का भिडते ते वेगळं सांगायला नको. पण तिचा पुढचा भाग अवतरणांत फारसा येत नाही. निसर्गावर सोडून द्यायचं म्हणून त्यांनी झाडांची छाटणी थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडी पडल्या, आणि वडिलांची बाग सुकत गेली. वर्षानुवर्षं छाटलेल्या झाडाला अचानक मोकळं सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, हे त्यांनी मेलेल्या झाडांकडून शिकून घेतलं आणि पुस्तकात लिहिलं. त्या पुस्तकावर विश्वास बसतो तो यामुळे. एका माणसाच्या मनःशांतीचं बिल तिथे दुसऱ्याच्या झाडांनी भरलंय आणि लेखकाने ते लपवलेलं नाही.

आपल्याकडे श्री. अ. दाभोलकर यांचं ‘विपुलाच सृष्टी’ घ्या. दाभोलकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ त्यांनी उभा केला. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगेल, हा त्यांचा ध्यास. पानावर पडणारं ऊन हे ते उत्पन्नासारखं मोजतात आणि वाया जाणारा पालापाचोळा भांडवलासारखा. त्यात मनाच्या आरोग्याचा धडा वेगळा काढून दिलेला नाही, तरी ते वाचून जेवढी उभारी येते तेवढी कुंडीसाहित्याच्या दहा पुस्तकांनी येत नाही. कारण त्यातल्या बागेला खाणारं तोंड आहे. त्यांच्या पद्धतीवर पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी राहिली, ती कामगारांच्या जेवणाच्या स्वयंपाकातून उरलेल्या कचऱ्यावर. ती बाग कुठल्या पाण्या-मातीवर आणि कुणाच्या भुकेवर उभी आहे, ते लगेच सांगता येतं.

बागेवरच्या कुठल्याही पुस्तकाला म्हणून मी तीन गोष्टी विचारतो. पाणी कुठून आलं? मेलं काय? आणि खाल्लं कोणी? उत्तरं नसतील तर ती बाग कागदी आहे, आणि तिथली शांतताही. टँकरच्या दिवसांत आमच्या गल्लीत शोभेच्या झाडाला स्वच्छ पाणी घालणाऱ्याकडे लोक वळून बघतात. म्हणून आमच्याकडे परसबाग मोरीच्या पाण्यावर असते. तिथे अळू, कर्दळ, एखादी केळ. भांडी घासलेलं पाणी आई कढीपत्त्याला घालते आणि त्याबद्दल कधी बोलत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कुंडी ठेवू नये असं मी म्हणत नाही. जरूर ठेवावी, पण लिहिताना बादलीही लिहावी.

जाता जाता मिरचीबद्दल. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून ती इकडे आली ती १४९८ नंतर. सावतोबा त्याच्या दोनशे वर्षं आधीचे. रताळ्याचं जुन्या देशी कंदाकडे बोट दाखवून निभावता येईल, मिरचीचं अवघड आहे. तिच्यावरून अख्खा अभंगच उत्तरकाळातला म्हणता येईल. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. मौखिक परंपरेत कुणा गाणाऱ्याने आपल्या वाफ्यात नव्याने आलेलं पीक अभंगात लावून टाकलं, पुढच्यांनी ते तसंच म्हटलं, आणि सावतोबांच्या मळ्यात ते रुजलं. म्हणजे शतकानुशतकं हा अभंग म्हणणाऱ्यांना त्यातला देव जेवढा आपला वाटला, तेवढीच यादीही. त्यांनी तिच्यात स्वतःच्या रानातलं पीक घातलं. आज मोट गेली. आमच्या विहिरीवर मोटर आहे, स्टार्टरच्या पेटीवर पालींचं बिऱ्हाड आहे, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत. मनाच्या आरोग्यावर लिहिणाऱ्या कुणीतरी त्या नळ्या मजकुरात घ्याव्यात, एवढी जागा त्या यादीत अजून आहे.